पोरके लेकरू परदेशी द्यावे काय?

नुकते जन्मलेले लेकरू परदेशच्या घरी दत्तक जावे, हे पुण्य की अन्याय? हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांस दूरचा नाही. स्नेहालयाचे स्नेहांकुर हे दत्तक केंद्र याच जिल्ह्यात आहे, आणि टाकलेली किंवा आईने नाइलाजाने सोपविलेली तान्ही बाळे तेथे सांभाळली जातात. कोणी म्हणतात, परदेशी गेले तर लेकराचे दैव उघडले. कोणी म्हणतात, आपले रक्त परक्यांस देणे ही लाज होय. आमच्या मते दोघेही लेकराकडे न पाहता भलतीकडेच पाहतात. एक घराची श्रीमंती पाहतो, दुसरा आपली अब्रू.

वाचकहो, पहिल्या मताचा विचार करा. गरीब आईच्या कुशीतून मूल काढून सधन घरी ठेवणे न्याय्य असेल, तर जगात कोणत्याच गरिबाचे मूल त्याचे उरणार नाही. आईस भाकरीची वा आसऱ्याची उणीव असेल, तर भाकरी व आसरा द्यावा. लेकरू मागू नये. 1899-1900 च्या दुष्काळात अमेरिकेतील लोकांनी पैसा धाडला, आणि नगरच्या मिशनने पुष्कळ पोरकी मुले येथेच वाढविली. मदत समुद्र ओलांडून आली. लेकरांस तो ओलांडावा लागला नाही.

शिवाय जेथे मुलासाठी पैसा मोजला जातो, तेथे दयेचा व्यापार होण्यास वेळ लागत नाही. असे प्रकार होतात म्हणून 1982 साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, आणि 1984 च्या निकालाने परदेशी दत्तकास नियम लागले. 1993 चा हेग येथील करार भारताने 2003 साली मान्य केला. त्यांतील क्रम शहाणपणाचा आहे : प्रथम जन्मदात्यांचे घर, मग स्वदेशातील घर, आणि तेही न मिळाल्यास परदेशातील. मूल सोपविणाऱ्या आईस फेरविचारासाठी दोन महिने मिळतात.

आता दुसरे मत. 1979 साली पुण्यास जन्मलेली लिसा स्थळेकर ही तीन आठवड्यांची असता श्रीवत्स या संस्थेतून दत्तक गेली, आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या संघातून खेळून 2005 व 2013 चे विश्वचषक जिंकणाऱ्यांत होती. तिचे नाव झाले म्हणून ते दत्तक योग्य ठरले, असे मात्र आम्ही म्हणत नाही. ती साधी गृहिणी राहिली असती, तरी पोरक्या मुलीस आईबाप मिळाले एवढ्यानेच ते योग्य होते.

लाज वाटावयाची तर ती दुसऱ्या गोष्टीची. आज परदेशी जाणाऱ्यांत बहुतेक मुले आजारी, अपंग किंवा वयाने मोठी असतात. आपली माणसे निरोगी तान्हे बाळ मागतात. ज्यास येथे कोणी हात लावीत नाही, त्यास परका मनुष्य पोटाशी धरतो. मग ‘आपले रक्त’ हा शब्द आपण कोणत्या तोंडाने उच्चारावा?

पूर्वी ख्रिस्ती कुटुंबांस एक सबब होती. 1956 चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता, व 1890 च्या कायद्याने केवळ पालकत्व मिळे. बालन्याय कायद्यातील 2006 च्या दुरुस्तीनंतर ती सबब उरली नाही.

म्हणून गावोगावच्या उपदेशक बंधुभगिनींस आमची विनंती आहे. संकटात सापडलेल्या मुलीस दोष देण्याआधी तिला आधार द्या. बाळ परस्पर कोणाच्या ओटीत घालू नका, तो गुन्हा आहे. 1098 वर कळवा म्हणजे ते बालकल्याण समितीपुढे जाईल. दत्तक घेतलेल्या लेकरापासून त्याचे मूळ लपवू नका. आणि ज्या घरी पाळणा रिकामा आहे, त्यांनी आधी स्वतःस विचारावे : आम्हांस मूल हवे आहे, की त्या मुलास आम्ही हवे आहोत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या घरी मिळते, तेच त्याचे घर. मग ते पारनेरात असो वा परदेशात.