मोकळा की फुकट?

इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या फुटबॉलच्या बातम्या मी वही जवळ ठेवून वाचतो. बहुतेक शब्द लवकर अंगवळणी पडतात. गोल न खाता सामना संपला की गोलरक्षकाची ‘क्लीन शीट’. सगळा संघ आपल्याच गोलपुढे दाटीवाटीने उभा राहिला की त्याने ‘बस पार्क केली’. ही बस मूळची पोर्तुगीज. चेल्सीचा प्रशिक्षक असताना जोझे मोरिन्योने 2004 मध्ये ती इंग्रजीत आणून उभी केली.

अडलो तो ‘फ्री’पाशी. अमुक खेळाडू ‘फ्री’वर आला, असं बातमी सांगते. मराठीत याचे दोन शब्द होतात आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही. करार संपला म्हणून माणूस मोकळा झाला, की नव्या क्लबला तो फुकट मिळाला? इंग्रजी बातमीदाराला हे ठरवावं लागत नाही. मला वहीत काहीतरी एक लिहायचं होतं.

बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मनचा लीजमधल्या क्लबशी असलेला करार 1990 मध्ये संपला. त्याला फ्रान्समध्ये डंकर्कच्या क्लबकडे जायचं होतं. पण करार संपल्यावरही जुना क्लब त्याच्यासाठी पैसे मागू शकत होता, आणि त्यावरूनच सगळं फिसकटलं. तो कोर्टात गेला. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: युरोपीय संघाचा नागरिक असलेला खेळाडू करार संपल्यावर संघातल्याच दुसऱ्या देशातल्या क्लबकडे निघाला, तर त्याच्यावर असे पैसे मागता येणार नाहीत. तोवर बोस्मनची उमेदीची वर्षं निघून गेली होती. तो भांडला मोकळं होण्यासाठी. बातम्यांमध्ये मात्र आनंद असतो तो खेळाडू फुकट मिळाल्याचा.

कोट्यवधी कमावणाऱ्यांची कसली कणव, असं कुणी म्हणेल. 2017 मध्ये पॅरिसच्या क्लबने नेमारसाठी बार्सिलोनाला 22 कोटी 20 लाख युरो मोजले. त्याला ‘विकला’ म्हटल्याने त्याचं काही बिघडलं नाही, हे मान्य. पण हीच भाषा खाली झिरपते. इंग्लंडमधले मोठे क्लब नऊ वर्षांखालच्या मुलांनाही अकादमीत घेतात, आणि पुढे ज्यांची गरज वाटत नाही त्यांना ‘रिलीज’ करतात. शिक्षा भोगून झालेल्या कैद्यासाठी शोभेल असा शब्द. त्या पोराला कुठे सुटायचं होतं? शब्दाने त्याचं दुःख कमी होत नाही. सोपं होतं ते सांगणाऱ्याचं काम. मी वहीत लिहिलं, ‘काढून टाकला’.

आयपीएलमध्ये खेळाडूंवर बोली लागते, त्याला आपण निदान सरळ लिलाव म्हणतो (हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला). पण लिलावाआधी कुणाला काढलं हे सांगताना आपली क्रीडापानंही ‘रिलीज केलं’ असंच छापतात. सिनेमा रिलीज होतो तसा खेळाडूही. मोकळा, फुकट की काढून टाकलेला, हे मग मराठीतही कुणाला ठरवावं लागत नाही.