घाणा कधी निघतो ते विचार

दादर, मुंबई

चि. सायली हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, 'मामा, मुंबईचा वडापाव काही खास नाही, आपला साताऱ्यातलाच बरा.' ते मला लागलं. कुठे खाल्लास म्हणून विचारलं, तर मोबाइलवर जे नाव सगळ्यात वर आलं तिथे, आणि तेही दुपारी तीनला. वडा गार होता म्हणालीस. अगं, तीन वाजता तो गारच मिळणार.

या शहरात कुठे खायचं ते कोणीही सांगेल. कधी खायचं ते मात्र इथे राहूनच कळतं. इथल्या प्रत्येक खाण्याची वेळ ठरलेली आहे, आणि ती कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांनी ठरवलेली आहे. सकाळी सातला सायकलवर इडलीचं पातेलं बांधून पोंगा वाजवत अण्णा येतात. त्याच सुमाराला स्टेशनाबाहेर एखादी बाई स्टीलच्या डब्यांतून पोहे-उपमा घेऊन बसलेली दिसेल. साडेनऊला तिचे डबे धुऊन ठेवलेले असतात. फोर्टात सँडविचवाल्याकडे खरी गर्दी एक ते दोन. आणि वडा संध्याकाळचा, पाच ते सात, गाड्या भरभरून यायला लागल्या की.

1966 साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी गाडी लावली, वडापावाची सुरुवात तिथली मानतात. गिरणीत पाळी बदलताना माणसाला उभ्या उभ्या, एका हाताने खाता येईल आणि पोटाला आधार होईल असं काही हवं होतं, ते त्यात मिळालं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबले. मग गिरणगावातल्या कित्येक घरांनी कढई बाहेर काढली आणि वड्याची गाडी टाकली. म्हणून सांगतो, वडापावाला स्वस्तातलं खाणं म्हणून नाक मुरडू नकोस. त्यावर कितीतरी घरांतली पोरं शिकली आहेत.

आता गाडीपाशी काय बघायचं ते सांगतो. आधी कढई बघ. वडे रचून ठेवलेले असतील तर पुढे चालू लाग, किंवा थेट विचार, 'नवा घाणा कधी निघेल?' चांगला गाडीवाला या प्रश्नावर रागावत नाही, 'पाच मिनिटं ताई' म्हणतो. ती पाच मिनिटं तिथेच थांब. वडे सोडले की तेल जोरात चुरचुरतं, मग आवाज हळूहळू बसत जातो. तो बसला की झारा आत जातो. वड्याबरोबर पिठाचा चुरा वर येतो, तो मागून घे. प्रभादेवीला कीर्ती कॉलेजाच्या गल्लीत तर लोक खास त्या चुऱ्यासाठी जातात. मग पाव बघ. बोटाने दाबला की परत वर यायला हवा. सगळ्यात शेवटी सुकी चटणी. लसूण नुसती दिसून भागत नाही, डब्याचं झाकण उघडताच वास आला पाहिजे.

भेळेची गोष्ट वेगळी. तिथे कढईऐवजी हात बघायचा. पातेल्यात कुरमुरे, कांदा, बटाटा, कैरी असेल तर कैरी, आधी चिंचेची चटणी, मग हिरवी, आणि शेव अगदी शेवटी. जो शेव आधीच कालवून टाकतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. आणि भेळ घरी बांधून नेऊ नकोस, दहा मिनिटांत कुरमुरे मऊ पडतात. गिरगाव चौपाटीवर वाळूत बसून खा.

घाटकोपरची खाऊगल्ली तुझ्या मैत्रिणी तुला दाखवतीलच. मोहम्मद अली रोडला मात्र रमजानात, रात्री नऊनंतर माझ्याबरोबर चल. मिनारा मशिदीजवळचा मालपुवा एकटीने संपत नाही.

एक गोष्ट काळजीपोटी लिहितो. मी तुझ्या वयाचा असताना भर पावसाळ्यात एका गाडीवर पाणीपुरी खाल्ली, पाण्याचं भांडं उघडं होतं ते दिसत असूनही. कावीळ झाली. महिनाभर अंथरुणावर होतो, आणि तुझी आजी रोज उसाचा रस द्यायला गावाहून येऊन राहिली होती. तेव्हापासून जुलै-ऑगस्टात जे तेलातून किंवा तव्यावरून थेट हातात येतं तेवढंच मी बाहेर खातो. कापून ठेवलेली फळं नाहीत, बर्फ नाही. तूही एवढं पाळ.

आणि नावाच्या मागे धावू नकोस. तुझ्या ऑफिसचा शिपाई, खालचा वॉचमन, टपरीवर कटिंग घेणारा रिक्षावाला यांना विचार. त्यांना रोज तिथेच, मोजक्या पैशात खायचं असतं. वाईट गाडी त्यांना परवडत नाही.

शनिवारी संध्याकाळी पाचला दादरला पश्चिमेला ये, फुलबाजाराच्या बाजूला. मी तिथे उभा असेन. दुपारचं जेवण कमीच जेव.

तुझा,
मामा