युद्धात विसावलेला समुद्र

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे. तीन उंच शिडं, नाळेवर काढलेला डोळा, मागच्या अंगाला ओळीनं मांडलेले रांजण. सोपाऱ्याच्या पूर्ण या व्यापाऱ्याच्या कथेतलं हे जहाज. फर्दापूरहून लेण्यांकडे जाणारे हजारो लोक ते पाहून पुढे सरकतात. इथून समुद्र शेकडो किलोमीटरवर. आमच्या भागात तो येतो तो आठवडी बाजारातल्या पोत्यांतून: सुकट, बोंबील, जवळा. पावसाळ्यात भाजीपाला महागला की गरिबाच्या भाकरीबरोबर हीच सुकी मासळी असते. तरीही समुद्रात काय चाललं आहे हा किनाऱ्यावरच्या लोकांचा प्रश्न, असं आपण धरून चालतो. ते मला मान्य नाही. मासळी खाणाऱ्याला ती धरणाऱ्याची आणि ज्या पाण्यातून ती येते त्या पाण्याची चौकशी करावीच लागेल.

कोकण किनाऱ्यावर आज यांत्रिक नौका आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात जो झगडा चालू आहे, तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर समुद्रात होऊन गेला आहे. त्यातलं मुख्य पात्र होतं ब्रिटनचा वाफेवरचा ट्रॉलर. त्याचा इतिहास आपल्याकडे कोणी फारसा वाचत नाही. वाचायला हवा, कारण यंत्र, माणूस, सरकार आणि समुद्र यांचा हिशेब इतक्या उघडपणे मांडलेला दुसरीकडे क्वचितच सापडतो.

शिडाच्या होड्या समुद्राच्या तळावरून जाळं ओढत, पण वारा पडला की काम थांबे. १८८१ मध्ये ग्रिम्सबी बंदरासाठी 'झोडिॲक' हा खास मासेमारीसाठी बांधलेला वाफेचा ट्रॉलर तयार झाला आणि वाऱ्याची ही अट संपली. पुढे १८९० च्या दशकात जाळ्याचं तोंड उघडं ठेवणारी आडवी लाकडी तुळई गेली. तिच्या जागी लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या दोन जड फळ्या आल्या. ओढताना पाण्याच्या दाबानं या फळ्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात आणि जाळ्याचा जबडा पसरलेला राहतो. तुळईच्या लांबीला मर्यादा होती. फळ्यांच्या जाळ्याला मर्यादा एकच, इंजिनाच्या ताकदीची. हल, ग्रिम्सबी, ॲबरडीन, फ्लीटवुड ही बंदरं या ताकदीवर फुगली. या वाढीच्या सुरुवातीलाच, १८८३ मध्ये, थॉमस हक्सलीसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात जाहीर केलं की कॉड, हेरिंग यांसारखी समुद्रातली मोठी मासेमारी माणसाच्या हातून संपणं शक्य नाही. पुढच्या सतरा वर्षांत हे विधान उघडं पडलं. बोटींची ताकद कितीतरी वाढली आणि प्रत्येक बोटीच्या वाट्याची मासळी मात्र घटत गेली, हे वॉल्टर गार्स्टँग या शास्त्रज्ञानं १९०० मध्ये आकडे मांडून दाखवलं.

या बोटींवरचं जगणं कसं होतं? सव्वाशे फुटांच्या आतबाहेरची बोट, उत्तर समुद्रात जाणारी असेल तर नऊ-दहा माणसं. दर तीन-चार तासांनी जाळं वर घ्यायचं. वाफेच्या विंचवर पोलादी दोर गुंडाळला जातो, फळ्या बाजूला येऊन आदळतात, जाळं आत ओढलं जातं आणि त्याच्या टोकाची फुगलेली पिशवी डेकवर टांगली जाते. कोणीतरी तिच्याखाली वाकून गाठ सोडतो आणि ढीग कोसळतो. मग गुडघाभर मासळीत उभं राहून एकेका माशाचं पोट फाडायचं, आतडी समुद्रात फेकायची, मासा धुऊन खाली बर्फात जाऊ द्यायचा. हे उरकेपर्यंत जाळं पुन्हा वर यायची वेळ. आइसलँडकडे गेलेली बोट तीन-तीन आठवडे परतत नसे. तिथं हिवाळ्यात दोरांवर, डोलकाठीवर बर्फ चढे. तो कुऱ्हाडीनं फोडत राहिलं नाही तर वरच्या वजनानं बोट कलंडे. खाली भट्टीजवळ कोळसा ओढणारा माणूस वेगळ्याच नरकात. कप्तान आणि त्याचा दुय्यम यांना पगार नव्हता, विक्रीतला वाटा होता. कोळसा, बर्फ यांचा खर्च वजा जाता काही उरलं नाही तर तीन आठवड्यांची मजुरी शून्य, वर देणं अंगावर. जाळी विणायचं काम बायकांचं. आपल्या कोळीवाड्यातल्या बाईला यात नवं काही वाटणार नाही.

आता युद्धाकडे वळतो. ट्रॉलर कमाईचा होता तो तीन गोष्टींमुळे: दणकट विंच, जड दोर ओढण्याची ताकद आणि कुठल्याही हवेत टिकणारा सांगाडा. समुद्रात पेरलेले सुरुंग काढायला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. ॲडमिरल लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्डनं १९०७ मध्ये हे ओळखलं आणि पहिल्या महायुद्धाआधीच मच्छीमारांची राखीव तुकडी उभी राहिली. युद्ध सुरू झाल्यावर १,४०० हून अधिक ट्रॉलर नौदलानं घेतले. त्यांतले अडीचशेहून अधिक बुडाले. पद्धत साधी होती. दोन बोटी ठरावीक अंतर राखून समांतर चालत, मधे पोलादी तार पाण्याखाली ताणलेली. सुरुंगाचा नांगरदोर तारेत अडकून तुटला की सुरुंग वर येई आणि बंदुकीच्या गोळ्यांनी तो फोडत. खरा धोका वेगळाच होता. बोटीचा तळच पाण्यात इतका खोल असे की ओहोटीला ती स्वतःच सुरुंगावर बसे. म्हणून भरती साधून काम करायचं. तळावरून जाळं ओढताना तार कुठे अडकली, किती ताणली गेली हे ज्यांना पायाखालच्या थरथरीवरून कळे, तीच माणसं इथं उपयोगी पडली. नौदलाच्या शाळेत हे शिकवता आलं नसतं.

मार्च १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत याच ट्रॉलरांना रात्री, समोरून येणाऱ्या प्रवाहाविरुद्ध, दोन्ही काठांवरच्या तोफा आणि शोधदिव्यांच्या झोतात सुरुंग काढायला पाठवलं. तार ओढताना त्या प्रवाहात बोट जेमतेम पुढे सरके. कालपरवापर्यंत मासे पकडणारे हे लोक मागे फिरले, तेव्हा नौदलातल्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या हिमतीला दोष दिला. १८ मार्चला 'बूव्हे', 'इरेझिस्टिबल' आणि 'ओशन' ही दोस्त राष्ट्रांची तीन मोठी युद्धजहाजं बुडाली. 'नुसरत' या तुर्की बोटीनं दहा दिवस आधी पेरलेल्या आणि कोणाच्याही नजरेस न आलेल्या सुरुंगांच्या रांगेनं हा घात केला. ज्या कामासाठी बोटीही अपुऱ्या आणि संरक्षणही अपुरं होतं, त्याचं अपयश मच्छीमारांच्या माथी मारणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

हे सारं फक्त दूरच्या पाण्यात घडलं नाही. फेब्रुवारी १९१७ मध्ये 'वोल्फ' या जर्मन जहाजानं मुंबईच्या तोंडाशी सुरुंग पेरले आणि २३ जूनला 'मंगोलिया' ही प्रवासी आगबोट त्यांतल्या एकावर जाऊन बुडाली. दुसऱ्या महायुद्धात, १९ जून १९४० रोजी, एडनजवळ 'मूनस्टोन' या ट्रॉलरनं 'गॅलिलिओ गॅलिली' ही इटालियन पाणबुडी जिवंत पकडली. पाणबुडीतल्या हवा थंड करणाऱ्या यंत्रातून विषारी वायू गळत होता, आतली माणसं गुदमरत होती. ती वर आली तेव्हा ट्रॉलरच्या गोळ्यांनी वरचे अधिकारी मारले गेले. तिच्यावरच्या कागदपत्रांमुळे आणखी पाणबुड्यांचा माग लागला. याच काळात हिंदुस्थानच्या नौदलासाठी इथल्या गोद्यांत ब्रिटिश नमुन्याचे ट्रॉलर बांधले गेले. त्यांतल्या काहींची नावं 'नासिक', 'पूना', 'बेरार' अशी होती. या नौदलातले कितीतरी खलाशी रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यांत कोकणी मुसलमान बरेच. नासिक किंवा वऱ्हाडातल्या किती जणांना आपल्या गावाच्या किंवा प्रांताच्या नावाची ही बोट माहीत असेल?

दुसऱ्या महायुद्धात असे ट्रॉलर चालवणाऱ्या ब्रिटिश गस्ती दलाचं स्मारक इंग्लंडमधल्या लोवेस्टॉफ्ट इथं १९५३ मध्ये उभं राहिलं. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा २,३८५ जणांची नावं त्यावर कोरली आहेत. सन्मान झाला, तो मेलेल्यांचा. जे जगले आणि परत जाळी ओढायला गेले, त्यांचं काय झालं? आइसलँडनं आपली मासेमारीची हद्द २०० सागरी मैलांवर नेली, १९७६ मध्ये ब्रिटननं माघार घेतली आणि दूरच्या पाण्यात जाणारा ताफा मोडीत निघाला. वीस-तीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसांना तेव्हा सांगण्यात आलं की तुम्ही कायम कामगार नाही, दर फेरीला नव्यानं घेतलेले हंगामी मजूर आहात, म्हणून नोकरी गेल्याची भरपाई मिळणार नाही. सरकारनं भरपाईची योजना जाहीर केली ती २००० साली. तोवर अनेक जण वारले होते. युद्धात शिपाई, शांततेत हंगामी मजूर. कामगाराला हवा तेव्हा हवा त्या नावानं बोलावण्याची ही रीत सगळीकडचीच आहे.

समुद्राचा हिशेब याहून विलक्षण आहे. दोन्ही महायुद्धांत ट्रॉलर लढाईवर गेले, उरलेल्यांना सुरुंगांमुळे बऱ्याच पाण्यात जाता येईना. उत्तर समुद्राच्या बऱ्याच तळाला काही वर्षं फारसा कोणी हात लावला नाही. १९१९ आणि १९४५ नंतर बोटी परतल्या तेव्हा जाळ्यांत मोठी, वयानं वाढलेली, भरपूर मासळी आली. कोणत्याही शास्त्रज्ञाला परवानगी मिळाली नसती असा प्रयोग तोफांनी करून दाखवला: समुद्राला उसंत दिली तर तो भरून येतो. शास्त्रज्ञ हे सांगतही होते. १९४६ मध्ये लंडनला देश एकत्र आले, जाळ्याच्या आसाचं किमान माप ठरवणारा करार झाला. पण बोटी वाढतच गेल्या आणि युद्धानं साठवून दिलेलं भांडवल थोड्याच वर्षांत संपलं. इंग्लंड-वेल्सच्या १८८९ पासूनच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्याच मासेमारी-शक्तीमागे हाती येणारी तळाची मासळी ११८ वर्षांत ९४ टक्क्यांनी घटली, असं त्यात दिसलं. शंभरच्या जागी सहा.

आपल्याकडे हे यंत्र पहिल्यांदा अपयशी ठरलं. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारनं 'विल्यम कॅरिक' हा वाफेचा ट्रॉलर मुंबईच्या किनाऱ्यावर चालवून पाहिला. धंदा म्हणून ते आतबट्ट्याचं ठरलं. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचं सरकारी केंद्र निघालं. पुढे डिझेल इंजिनं आली, कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला आणि ट्रॉल जाळं किनाऱ्यावर पसरलं. मग भांडणं पेटली. डोल आणि रापण ही पारंपरिक जाळी लावणाऱ्यांच्या पाण्यात मोठ्या बोटी शिरू लागल्या. १९८१ मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढले. तरी पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांवरची मासेमारी यांविरुद्धच्या तक्रारी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून येतच राहतात.

ट्रॉलरवाल्याला खलनायक ठरवून मी मोकळा होणार नाही. त्याच्या डोक्यावर बँकेचं कर्ज, डिझेलचा भाव, बर्फाचा खर्च असतो. तो बहुधा त्याच गावचा असतो. आणि बोटीवरचा खलाशी तर त्याहून कच्च्या दोरावर लटकलेला: कोणी पालघरचा आदिवासी, कोणी नेपाळहून आलेला. मासे धरता धरता सीमेच्या राजकारणात सापडणं हेही त्याच्याच वाट्याचं. पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, सागरी हद्दीच्या रेषेजवळ पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं राहतात. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला भारत-पाकिस्तान कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्यांत मच्छीमारांची वेगळी यादी असते, इतकं हे नेहमीचं झालं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी दहशतवादी ज्या 'कुबेर' बोटीतून आले, तीही मासेमारीचीच होती आणि तिच्यावरची माणसं आधी मारली गेली. त्यानंतर मच्छीमार हे किनाऱ्याचे कान-डोळे आहेत, असं सरकारनं वारंवार सांगितलं. कान-डोळ्यांना मजुरी किती, हे कोणी सांगितलं नाही.

उत्तर समुद्राला विसावा मिळाला तो हजारोंच्या मरणातून. आपल्याकडे तो बिनरक्ताचा मिळण्याची परंपरा आहे. पावसाळा लागला की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा लोटायच्या. या काळात अनेक जातींची मासळी अंडी घालते, पिल्लं वाढतात. सरकारची बंदी मात्र १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची, आणि नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये येते. मधले ते दिवस समुद्राला परत द्यावेत, ही पारंपरिक मच्छीमारांची मागणी रास्त आहे आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. पण बंदी वाढवायची तर तिचा भार कोणावर, हेही त्याच दमात ठरलं पाहिजे. बंदीच्या काळासाठी केंद्राची मदत आहे ती अशी: तीन महिन्यांसाठी सरकारचे ३,००० रुपये आणि मच्छीमारानं स्वतः भरलेले १,५००. म्हणजे सरकारकडून एका कुटुंबाला महिन्याला १,००० रुपये. एवढ्या पैशात कोणाचीही चूल तीन महिने पेटत नाही. आधी ही रक्कम जगण्याइतकी करा, बोटीवरच्या खलाशाचं नाव तीत घाला, आणि मग बंदीची तारीख पुढे न्या.