खातेदार नसलेली शेतकरीण

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची घरेदारे गाठली, तेव्हा त्यांचा मुख्य रोख पैशाअडक्यावर नसून दस्तऐवजांवर होता. कर्जरोखे, गहाणखते आणि हुकूमनामे एकदा अग्नीच्या स्वाधीन केले की आपली जमीन मोकळी झाली, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या दंग्यांतून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला. परंतु सावकाराला आवर घातल्याने शेतकऱ्याची नड भागत नाही, त्याच्या जागी दुसरी काही व्यवस्था उभारावी लागते, ही जाणीव पुढील पंचवीस वर्षांत दृढ होत गेली आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्याच्या मुळाशी जर्मनीतील रायफायझन यांचा विचार होता: गरिबाजवळ तारण नसले तरी त्याची वर्तणूक शेजाऱ्यांना पुरती ठाऊक असते, म्हणून एका गावच्या माणसांनी परस्परांसाठी अमर्याद जबाबदारी पत्करली, तर ती जबाबदारीच जामीन ठरू शकते. आर्थिक व्यवहाराचा पाया परस्परविश्वासावर रचू पाहणारा हा विचार मला आजही उदात्त वाटतो. मात्र ज्या शेजाऱ्यांवर तो विसंबला, त्यांत शेजारणींची गणना जवळजवळ नव्हतीच.

पुढे सहकार फोफावला तो जमिनीच्या आधाराने. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठलाल मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी साखर कारखाना उभा राहिला आणि ग्रामीण महाराष्ट्राला आपल्या सामर्थ्याचा साक्षात्कार झाला. पण कारखान्याचा उत्पादक सभासद व्हायचे तर ऊस हवा, आणि उसाखाली जमीन हवी. ग्रामीण कर्जपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीने १९५४ मध्ये कर्जाचा संबंध तारणापेक्षा पिकाशी जोडावा असे सुचविले. तरीसुद्धा पीक ज्या सातबाऱ्यावर नोंदले जाई, त्यावर नाव पुरुषाचे. बी राखणे, लावणी, खुरपणी, जनावरांचे वैरणपाणी, ही कृषिकर्मातील अखंड चालणारी कामे जिच्या हातची, ती दप्तराच्या दृष्टीने शेतकरी नव्हतीच. माझ्या मते महाराष्ट्राच्या सहकाराची सर्वांत खोल उणीव ही होय, आणि ती भ्रष्टाचाराहून व राजकारणाहूनही जुनी आहे.

या उणिवेला प्रथम मोठ्या आवाजात वाचा फुटली ती १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवड येथे भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनात. शरद जोशी यांची शेतकरी संघटना तोवर उत्पादनखर्चावर आधारलेल्या भावाची मागणी करीत आली होती. आणि त्या खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडू जाता जो आकडा नेहमी कोरा राहतो, तो घरच्या बाईच्या श्रमाचा, ही गोष्ट त्या विचाराच्या अंगानेच पुढे येणे अपरिहार्य होते. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पतींनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करून द्यावा असे आवाहन झाले आणि अनेक गावांनी त्यास प्रतिसाद दिला. जे हक्काचे, ते ऋणमोचनाच्या भावनेने दिले गेले, याबद्दल काहींना आक्षेप वाटतो व तो निराधार नाही. परंतु शेतकरी पुरुषाने आपण होऊन फेरफाराला संमती द्यावी, ही घटना मला सामान्य वाटत नाही.

दुसरी वाट जमिनीला वळसा घालून गेली. १९९२ मध्ये नाबार्डने बचतगटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला, तेव्हा त्याला नावीन्याचे श्रेय मिळाले; वस्तुतः दहा-वीस बायकांनी एकमेकींच्या वर्तणुकीला जामीन राहणे, हा १९०४ चाच विचार प्रथमच योग्य हाती पडला होता. दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी बँकेच्या परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नामंजूर केला. त्या बायका अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांपुढे दर्शविली; १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पासबुक घरी नेले तर नवऱ्याच्या दृष्टीस पडेल व शिल्लक उरणार नाही, असे खातेदार बायकांनीच सांगितले, आणि बँकेला आपली रीत बदलावी लागली.

याच बँकेच्या जोडीने २००६ मध्ये उद्योगिनी ही व्यवसायशिक्षणाची शाळा निघाली. अशा शिक्षणाची थोरवी मला एका साध्या कृतीत दिसते. पापड किंवा शेवया विकणारी बाई पीठ, मीठ, तेल, सरपण यांचा खर्च धरते आणि उरेल तो नफा समजते. किंमत ठरविताना स्वतःची मजुरी मांडण्यास तिला प्रथमच सांगितले जाते, तेव्हा चांदवडला जो कोरा आकडा चर्चेला आला होता, तो ती स्वतःच्या वहीत स्वहस्ते भरते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना पुढे आणणाऱ्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने पुढे मराठवाड्यात एक एकराची शेती रुजविली: कुटुंबाच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यावा आणि त्यात काय पेरायचे ते तिने ठरवावे. तिने बहुधा ऊस किंवा सोयाबीन न निवडता डाळी, भाजीपाला व भरड धान्य निवडले, म्हणजे घराची चूल आधी आणि बाजार नंतर, हा क्रम मला शेतीशास्त्राच्या दृष्टीनेही विचारार्ह वाटतो.

तथापि गट, स्त्रियांची स्वतंत्र बँक, मागून घेतलेला एकर, ही सारी मुख्य वाड्याला लागून बांधलेली पडवी आहे. गावच्या विकास सोसायटीचे सभासदत्व व पीककर्ज यांचा दरवाजा अद्यापि सातबाऱ्यापाशीच उघडतो. बाईचे नाव सहधारक म्हणून त्यावर चढविण्याची सोय महसूल खात्याने लक्ष्मीमुक्ती याच नावाने करून ठेवली आहे, तिला वारसाच्या वादाची वा खरेदीखताची वाट पाहावी लागत नाही. तलाठ्याकडे द्यावयाचा अर्ज मात्र पतीनेच करावा लागतो.