गरज आणि संयम



यादवी युद्धात काही बंडखोर गावकऱ्यांना सांभाळून घेतात, तर काही त्यांचे हात तोडतात. ज्याचे ध्येय चांगले त्याचे वागणे चांगले, असे आपण पटकन म्हणतो. आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते.

सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ असे युद्ध चालले. तेथील कोनो जिल्ह्यात हिरे नदीकाठच्या गाळात सापडतात. फावडे आणि चाळण एवढ्यावर काम भागते. फोडे सांको यांच्या बंडखोरांनी या जागा बळकावल्या. लायबेरियामार्गे हिरे बाहेर जात, बंदुका आत येत. भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या मर्जीची त्यांना गरजच उरली नाही. १९९६च्या निवडणुकीत लोकांनी मत देऊ नये म्हणून त्यांनी हात तोडले. सरकारी सैनिकही मागे नव्हते. दिवसा सैनिक, रात्री बंडखोर, अशांना लोक ‘सोबेल’ म्हणत.

युगांडात उलटे घडले. १९८१मध्ये योवेरी मुसेवेनी यांनी २७ बंदुकांनिशी लढा सुरू केला. लुवेरोच्या रानात ना हिरे, ना सोने. खायला केळी-रताळी, लपायला जागा, शत्रूची खबर, सारे गावकऱ्यांकडूनच मिळायचे. म्हणून गावोगावी समित्या झाल्या; गावकऱ्याचा जीव घेणाऱ्या सैनिकाला शिक्षा ठरली. (ते साधुसंत नव्हते, त्यांच्या फौजेत लहान मुलेही होती.)

तत्त्वज्ञान शिकताना कांट यांचा दुकानदार भेटतो. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तो लहान मुलालाही योग्य भावाने माल देतो. वागणे बरोबर, पण ते कर्तव्यबुद्धीतून आलेले नाही, असे कांट म्हणतात. लुवेरोतील संयम असाच होता का? ज्या आईची मुले त्यामुळे वाचली तिला हा प्रश्न रिकामटेकडा वाटेल, आणि तिचे खरे आहे. चांगल्या सवयीतूनच सद्गुण घडतो, असे ॲरिस्टॉटलही सांगतात. पण सवय मुरायला वेळ लागतो, आणि सोने तेवढे थांबत नाही.

१९८६मध्ये मुसेवेनी सत्तेवर आले. १९९८मध्ये त्यांची फौज काँगोत शिरली आणि इतुरीच्या सोन्यापर्यंत पोहोचली. लुवेरोत घडलेले काही अधिकारीही तीत होते. येथे मात्र गावकऱ्यांच्या रताळ्यांवाचून त्यांचे काही अडत नव्हते. लूट व हत्यांबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००५मध्ये युगांडाला जबाबदार धरले आणि २०२२मध्ये ३२.५ कोटी डॉलर भरपाई ठरवली. त्यांतले ६ कोटी नैसर्गिक संपत्तीसाठी, ४ कोटी मालमत्तेसाठी आणि २२.५ कोटी माणसांसाठी.