नांग्या

आषाढात आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात दोन कामे एकाच वेळी अंगावर येतात. शेतात भाताची आवणी चाललेली असते आणि घरात बारावी झालेल्या मुलांचे प्रवेशाचे अर्ज भरायचे असतात. गेल्या आषाढात एका पावसाळी सकाळी मुरबाडकडचा एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि ती अर्ज भरायला तयार नव्हती. "औंदा नको म्हणते, गुरुजी. पुन्हा परीक्षा देईन म्हणते," बाप म्हणाला. त्याचे अर्धे लक्ष शेतावर होते.

अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत तिला एक्याण्णव पर्सेंटाइल मिळाले होते. त्या एक्याण्णवापुढे दशांशचिन्ह आणि आणखी सात आकडे. ते सातही तिला तोंडपाठ होते!

हा आकडा वास्तविक काय सांगतो? परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. म्हणून कच्चे गुण एकमेकांशी ताडता येत नाहीत. आपल्या सत्रातील शंभरांपैकी किती जण आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढेच पर्सेंटाइल सांगते. एकाच आकड्यावर गर्दी होऊ नये म्हणून ते सात दशांशस्थळांपर्यंत नेतात. माणसांची रांग लावायची तर अशी काही युक्ती हवीच. पण रांगेतली जागा म्हणजेच आपले वजन, असे ती मुलगी समजून बसली होती.

"गणिताचा पेपर कसा गेला?" मी विचारले. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटे. त्यांतले अकरा प्रश्न तिने सोडून दिले होते. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे तिला ठाऊक होते. मग? "खात्री नव्हती, सर. चुकीचं लिहिण्यापेक्षा कोरं बरं."

हे वाक्य ऐकले आणि मी चपापलो. ते माझेच होते. वर्गात मी खाडाखोडीला अर्धा गुण कापत असे. याच मुलीची वही, एकही काट नसलेली, मी वर्गाला उंच धरून दाखवली होती. त्या वेळी मला वाटले, मी नीटनेटकेपणा शिकवतो आहे. आज कळते, की एक शब्द चुकला तरी ती आख्खे पान फाडून पुन्हा लिहीत असली पाहिजे. शिकण्याची खूण म्हणजे ती काटच. आणि मी तिलाच दंड लावला होता.

यावर कोणी म्हणेल, मग अचूकतेला काहीच मोल नाही काय? आमच्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. मुंबईचे पाणी या धरणांत अडते. धरणाची भिंत 'जवळजवळ बरोबर' बांधून भागेल काय? भागणार नाही. पण भिंत बांधणारा आपण चुकू शकतो हे आधी मान्य करतो, म्हणूनच मोजमाप पुन्हा पुन्हा तपासतो. त्याची नजर भिंतीवर असते. ज्याला निर्दोष दिसायचे असते, त्याची नजर स्वतःवर असते. पहिल्याला चूक सापडली की काम पुढे सरकते. दुसऱ्याला चूक सापडली की सगळेच थांबते. बाहेरून दोघेही सारखेच काटेकोर वाटतात, आणि आम्ही शिक्षक नेमके इथे फसतो.

गुणांना किंमत नाही, असे मात्र मी तिला सांगू शकलो नाही. ते खोटे झाले असते. जागा थोड्या, सरकारी महाविद्यालयातल्या तर त्याहून थोड्या. आणि तिच्या बापाला खासगी महाविद्यालयाचे शुल्क परवडणार नव्हते. तिची भीती पोकळ नव्हती. पण दार अरुंद आहे म्हणून दाराशी जायचेच नाही, हा कुठला न्याय?

मला तिच्याच तालुक्यातले फांगणे आठवले. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांचा त्यात पुढाकार. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन वर्गात बसल्या, आणि जन्मभर अंगठा उठवणारे हात सही करू लागले. त्यांना कुठे प्रवेश घ्यायचा नव्हता, हे खरे. त्यांच्याशी या मुलीची बरोबरी होत नाही. पण सत्तराव्या वर्षी वाकडा 'अ' काढून तो चारचौघींत दाखवायला लागणारे धैर्य मी माझ्या वर्गात कधी शिकवले नाही. पाटी पुसता येते. आमच्या वहीत पुसण्याची सोय नव्हती.

हे मी तिला सांगत होतो. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "पण सर, तुम्ही अर्धा गुण कापायचात."

"चुकलो," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार?

इतका वेळ गप्प बसलेला बाप तेव्हा बोलला. "आवणी केली की नांग्या पडतातच, गुरुजी. काही रोपं जगत नाहीत. म्हणून तर मूठभर रोपं बांधाशी राखून ठेवतो. नांग्या पडल्या म्हणून कुणी शेत मोडत नाही."

मुलीने कागद मागितला. महाविद्यालयांचा पसंतीक्रम ती आधी हाताने लिहून पाहू लागली. चौथ्या ओळीशी थांबली, एक नाव खोडले, आणि सवयीने माझ्याकडे पाहिले.

मी म्हटले, "पुढे लिही."