स्वार्थासाठी सोडलेली दारू

शंका : मी दारू सोडली ती यकृताचा रिपोर्ट बिघडला आणि घरात पैसा टिकेना म्हणून, देवाधर्मासाठी नव्हे. गावातले काही जण बैठकीला जाऊन सुटले. त्यांच्यापुढे माझे सोडणे हलके वाटते. असा स्वार्थाचा त्याग धर्मात बसतो का? शिवाय आमच्या घरी नारळी पौर्णिमेला आणि हळदीला देवाला दारू दाखवतात. तो प्रसाद नाकारला तर देवाचा अवमान होतो का?
– एक वाचक, मुरूड

समाधान : स्वार्थासाठी सोडलेली दारूही सोडलेलीच असते आणि धर्म तिला हलकी मानत नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार येतात. त्यांतला पहिला आर्त, म्हणजे दुःखाने कळवळून आलेला, आणि एक अर्थार्थी, म्हणजे उघडपणे काही मिळवायला आलेला. ज्ञानी भक्त भगवंताला सर्वांत प्रिय हे खरे, पण उदार मात्र चौघांनाही म्हटले आहे. दासबोधातही हेच दिसते. पाचव्या दशकात समर्थ बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशी चौघांची लक्षणे क्रमाने सांगतात. बद्धाचा मुमुक्षू होतो तो कुणी वादात हरवल्यामुळे नव्हे; संसारतापाने पोळून, केल्याचा पश्चात्ताप होऊनच तो वळतो. परंपरा सांगते की हा ग्रंथ आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या शिवथरघळीत लिहिला गेला. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ साली सुरू केलेल्या निरूपणाच्या बैठकीचा पायाही तोच. म्हणजे ज्यांच्यापुढे तुम्हाला ओशाळल्यासारखे होते, त्यांच्याच ग्रंथात तुमच्या बिघडलेल्या रिपोर्टला मानाची जागा आहे.

कारणात खोट नाही, पण त्याचा एक धोका मात्र ओळखून ठेवा. हे कारण फार लवकर संपते. पिणे पूर्ण थांबले की यकृताचे चढलेले आकडे बहुधा काही आठवड्यांत उतरू लागतात. जून-जुलैची मासेमारी बंदी उठून होड्या बाहेर पडल्या की हातात रोकड खेळू लागते, घरातली धुसफूस निवते. ज्या गोष्टींनी दारू सोडायला लावली त्या दारू सोडल्यामुळेच नाहीशा होतात, आणि मग मन विचारते, आता एक घोट घेतला तर काय बिघडणार आहे? म्हणून सोडायला जे कारण पुरले त्यावर पुढची सगळी वर्षे निघतील असे धरून चालू नका. ज्याला पहिल्या घोटानंतर थांबता येत नाही, त्याचे ते न थांबणे रिपोर्ट सुधारल्याने सुधारत नाही. थांबता न येणे हे कारण न संपणारे आहे, पण एकट्याने बसलात तर तेही विसरायला होते. बैठकीला ठरलेल्या वारी जाऊन बसण्याचे मोल मला इथे दिसते. मन भरकटायच्या आत पुढचा वार उजाडतो. बैठकीवर श्रद्धा नसेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आहेत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेत यायला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे, आणि ईश्वर ज्याला जसा उमजेल तसा त्याने मानावा. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांतही उपचार संपल्यावर पाठपुरावा चालू राहतो, तो याचसाठी.

‘माडी म्हणजे काही दारू नव्हे, झाडाचा रस तो,’ असा एक युक्तिवाद आपल्या किनाऱ्यावर हमखास ऐकू येतो. पहाटे उतरवलेला गोड रस, मडक्याला आतून चुना फासलेला नसेल तर, ऊन चढेपर्यंत आंबतो आणि त्यात बिअरच्या जवळपास अल्कोहोल तयार होते. तुमच्यापुरता हा वाद इथेच संपला.

काहींना वाटते, एवढा खटाटोप कशाला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की झाले. अशा शपथेची मला भीती वाटते. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवले तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो. काहींना झटके येतात, नाही ते दिसू लागते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. हा ना देवाचा कोप, ना श्रद्धेचा कच्चेपणा. दारूची सवय लागलेली मज्जासंस्था ती अचानक बंद झाल्याने खवळते, आणि त्यावर औषध आहे. हे ठाऊक नसलेला माणूस तिसऱ्या रात्री पितो, शपथ मोडली म्हणून स्वतःला पापी समजतो आणि त्या शरमेवर आणखी पितो. तुमचा तो टप्पा मागे पडला आहे. गावातले दुसरे कुणी सोडायला निघाले तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या, शपथेचे मग बघता येईल.

आता प्रसादाचे. द्रव्य बदलले म्हणून कर्म मोडत नाही, हा आपल्या शास्त्रातला जुना विचार आहे. सोमवल्ली न मिळाल्यास यज्ञात पूतीका ही दुसरी वनस्पती चालते, यावर मीमांसकांनी सविस्तर लिहिले आहे. तंत्रमार्गात मद्य हे पूजेचेच अंग, पण तिथेही काशाच्या भांड्यातले नारळाचे पाणी बदली म्हणून चालते. ज्या पूजेला मद्य सांगितले तिलाच हे मान्य, तर तुमच्या घरच्या देवाला का नसावे? वडीलधारे म्हणतील, वाडवडिलांपासून चालत आले ते बदलू नये. पण बळीच्या जागी कोहळा कापायची रीत वाडवडिलांनीच घातली ना? नारळी पौर्णिमेला दर्याला आपण देतो तोही नारळच. कुणी दारूच दाखवायची म्हणाले तर भांडू नका, मात्र ती ओतायला आणि प्रसाद वाटायला तुम्ही बसू नका. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. पूजेच्या आदल्या दिवशीच घरातल्या कर्त्याला तसे सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी पाहुण्यांसमोर आग्रह होणार नाही. नारळ तुम्ही फोडा आणि त्याचेच पाणी तीर्थ म्हणून घ्या.